मागणाऱ्याचा पगार

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनसमोर एक वही असते. तारीख, नाव, मोबाइल, गाडीचा नंबर आणि मग एक रकाना: कोणाकडे. कुरिअरवाला तिथे फ्लॅटचा नंबर लिहितो, पाहुणा आडनाव लिहितो, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा कंपनीचं नाव लिहितो. देणगी मागायला आलेल्याकडे या रकान्यात लिहायला काहीच नसतं. त्याला सगळ्यांकडेच जायचं असतं आणि बोलावलेलं कोणीच नसतं. पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे तर ही वहीही गेली. तिथे वॉचमन मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नाव टाकतो आणि वरून घरमालकाने होकाराचं बटण दाबलं तरच फाटक उघडतं. ज्याच्या दारात उभं राहून आपण कोण ते सांगायचं, त्याने आधीच ओळखून होकार द्यायचा, असा हा मामला.

स्वयंसेवी संस्थांसाठी देणगीदार मिळवणाऱ्या मुलामुलींबरोबर मी पुण्यात आणि ठाण्यात फिरले. कधी सोसायट्यांमधून दारोदार, कधी मॉलच्या दारात, कधी आयटी पार्कच्या कँटीनबाहेर. ही मुलं स्वतःला फंडरेझर म्हणवतात आणि कामाला ‘फील्ड’. ‘आज फील्ड कुठंय?’ म्हणजे आज कुठल्या भागात पायपीट. वय बहुतेकांचं वीस ते सव्वीस. गळ्यातलं ओळखपत्र संस्थेचं असतं, पगार मात्र बऱ्याचदा मधल्या एजन्सीकडून येतो. त्यांची नावं इथे देत नाही, संस्थांचीही नाही. नोकरी महिन्याच्या आकड्यावर टिकणारी आणि बोलणं मोकळं, तेव्हा तेवढं पथ्य पाळायलाच हवं.

दिवस सकाळच्या मीटिंगने सुरू होतो. काल कोणाचे किती साइन-अप, म्हणजे दरमहा देणारे नवे देणगीदार, झाले ते सगळ्यांसमोर सांगायचं, ज्याचे झाले त्याला टाळ्या. मग सराव. एकाने फंडरेझर व्हायचं, दुसऱ्याने दार उघडणारी काकू. काकूचं काम करण्यात सगळेच पटाईत, कारण ती रोज पाहून पाठ झालेली असते. ‘आमचे हे घरी नाहीत’, ‘आम्ही ऑलरेडी देतो’, ‘सोसायटीची परमिशन आहे का?’, ‘कुकर लावलाय, नंतर या’. मूळ लातूर जिल्ह्यातली एक मुलगी काकूचं काम इतकं झकास करत होती की टीम लीडरच तिच्यापुढे गप्प झाला. पुढे मी जास्त वेळ तिच्याबरोबरच फिरले.

दारावर गेल्यावर घंटी वाजवण्याआधी ती दोनेक सेकंद थांबते. त्या दोन सेकंदांत दार वाचायचं असतं. पाटीवर एक नाव की नवरा-बायकोची दोन, बाहेर मुलाची सायकल आहे का, चपला कोणाच्या, तोरण कोणत्या सणाचं. सायकल दिसली तर शाळेचं बोलायचं. दोनच जोड चपला आणि दोन्ही डॉक्टरी सोलच्या, तर ऑपरेशनचं. मग आतून आवाज येतो, ‘कोण?’ आणि उत्तर ऐकायच्या आधी, ‘काही नको.’ जाळीच्या दारामागून आलेल्या या ‘काही नको’नंतर जी पहिली तीन-चार वाक्यं बोलायची, त्यावर सगळा दिवस उभा असतो.

एजन्सीने तिला पाठ करायला दिलेला मजकूर हिंदी-इंग्रजीत आहे. त्यात ‘बच्चे’ आहेत, ‘अंडरप्रिव्हिलेज्ड’ आहेत. कोथरूडमध्ये कुलकर्णी, आपटे, जगतापांच्या पाट्यांसमोर ती तो बाजूला ठेवते आणि ‘लेकरं’ म्हणते. तिच्या तोंडी ते सहज येतं, मराठवाड्याचं आहे. आणि या एका शब्दावर जाळीमागची बाई हमखास विचारते, ‘तू कुठली गं?’ दार उघडतं ते संस्थेसाठी नव्हे, या चौकशीसाठी. गाव, आईवडील काय करतात, लग्न झालं का, इथे कुठे राहतेस, आणि जरा वळसा घेऊन, आडनाव काय. आडनावाचा प्रश्न कशासाठी असतो हे विचारणारीलाही माहीत असतं आणि हिलाही. ती हसून उत्तर देते आणि टॅब पुढे करते. ‘त्यांना माझी मुलाखत घ्यायची असते, मला त्यांची,’ असं ती मला जिन्यात म्हणाली.

जिनाच, कारण काही सोसायट्यांत लिफ्ट वापरायची नाही असं फाटकावरच सांगतात.

या कामाबद्दल लिहिताना जिद्द, नकार पचवणं वगैरे गोष्टी लिहिल्या जातात. मला जास्त जाणवलं ते साधं आहे. टीममधल्या मुली दुपारनंतर पाणी पीत नाहीत. शे-दोनशे घरांच्या सोसायटीत एकही स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडं नसतं, आणि ज्या घरात पैसे मागायला गेलो तिथे बाथरूम मागायचं कसं? जवळ मॉल किंवा मोठं हॉस्पिटल असलेला भाग मिळाला की त्या खूश असतात. ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका टीमने आपला आठवड्याचा नकाशाच या हिशेबाने आखला होता. टीम लीडर मुलगा होता, त्याला तो नकाशा असा का दिसतो हे बरेच दिवस कळलं नव्हतं.

या सगळ्या फिरण्यात एक प्रश्न जवळजवळ रोज कानावर पडला. दार उघडलं, ऐकून घेतलं, फोटो पाहिले, हळहळ व्यक्त झाली, आणि मग: ‘यातले तुला किती मिळतात?’

लातूरच्या मुलीला शिकवलेलं उत्तर असं: मला कमिशन नाही, मी पगारावर आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. पगार आहे, त्याच्यावर साइन-अपमागे इन्सेंटिव्ह आहे आणि महिन्याला बारा देणगीदारांचं टार्गेट आहे. देणगीदाराने पहिला हप्ता बँकेतून कापला जायच्या आत नाही म्हटलं तर तो आकडा तिच्या नावावरून वजा होतो. तिच्या हातात येतात साडेसतरा हजार. त्यातून कर्वेनगरमध्ये कॉट बेसिसवर खोली, डबा आणि घरी पाठवायचे पैसे. ‘साडेसतरा’ हा आकडा मात्र दारात सांगायचा नाही, असा दंडक आहे. आकडा ऐकला की माणूस बिथरतो. गरीब मुलांसाठी मागायला आलेली मुलगी स्वतः पगार घेते, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही.

का उतरत नाही, याचं उत्तर तिच्या पत्त्यातच आहे, असं मला वाटतं. आजचं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये इथल्या माळावर आला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात वर्गणी मागत. पुढे महिला विद्यापीठासाठी सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरले. त्यानंतर १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी आणखी एक मंडळ काढलं आणि पुन्हा मागायला बाहेर पडले. महाराष्ट्राच्या मनात मागणाऱ्याचं जे चित्र पक्कं झालं ते हे आहे. खादी नाहीतर जाडाभरडा कोट, पायी चालणं, घरचं खाऊन संस्थेसाठी हिंडणं. कर्व्यांना शिव्या मिळाल्या, बहिष्कार मिळाला, पण ‘यातले तुम्हाला किती?’ असं विचारायची गरज फारशी कोणाला वाटली नसणार. त्यांचं राहणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड हीसुद्धा त्याच ओळीतली गोष्ट. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये निघाली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घराघरातल्या बायांनी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा व्हायचं. पैसा फंड त्याहून धाडसी. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की, देशी कारखानदारीसाठी प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. शाळेत हे शिकताना आपण त्या एका पैशाचं कौतुक करतो. पण एक पैसा गोळा करायला माणूस पगारावर फिरवला असता तर त्याच्या भाकरीलाच तो पैसा पुरला नसता. असल्या योजना चालायच्या तर गोळा करणारा बिनपगारीच हवा. आपल्याकडच्या सार्वजनिक कामाचं अर्थशास्त्र त्या फुकट फिरणाऱ्या पायांवर उभं राहिलं आणि ते पाय हिशेबाच्या वहीत कधी आले नाहीत.

त्याच्याही मागे भिक्षा आहे, माधुकरी आहे, वारावर जेवून शिकलेल्या पिढ्या आहेत. दासबोधात भिक्षेवर एक अख्खा समास आहे. भिक्षेच्या निमित्ताने घरोघरची लहानथोर माणसं पारखून घ्यावीत, असंही रामदासांनी त्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे. एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये रामदासांचं नाव कोणी घेत नाही, पण पारख चालूच असते. एखाद्या प्रभागात किती घरांत म्हातारी माणसं एकटी राहतात, कुठे नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे, कुठल्या इमारतीत कोणी कोणाला दार उघडत नाही, हे नगरसेवकापेक्षा या मुलांना जास्त ठाऊक असतं.

गणपतीची वर्गणी याच दारांवर येते आणि तिथे हिशेब कोणी विचारत नाही. नियम तिकडेही आहेत. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१-क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. पण वर्गणी देणारा तो कागद पाहत नाही. पोरं खालच्याच इमारतीतली असतात, उद्या जिन्यात भेटणार असतात. नाही म्हणण्याची किंमत जास्त असते. अशोका विद्यापीठातल्या एका केंद्राने भारतीय घरांतून कोणाला किती दिलं जातं याची पाहणी केली. २०२०-२१ या वर्षासाठी त्यांचा अंदाज सुमारे २३.७ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातला मोठा भाग धार्मिक संस्थांकडे गेला आणि धर्माशी संबंध नसलेल्या संस्थांच्या वाट्याला पाच टक्क्यांच्या आसपास आले. लातूरच्या मुलीचं सगळं फील्ड या पाच टक्क्यांच्या आत आहे.

मागणाऱ्याचा पगार हा प्रश्न एका देशात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अमेरिकेत शिकागोच्या एका पर्यावरणवादी संस्थेने सत्तरच्या दशकात दारोदार पगारी माणसं पाठवून निधी उभारायला सुरुवात केली. संस्थेचं नाव ‘सिटिझन्स फॉर अ बेटर एन्व्हायर्न्मेंट’. शिकागोजवळच्या शॉमबर्ग या गावाने तिला परवाना नाकारला. गावाचा नियम असा होता की, जमलेल्या पैशांतले किमान ७५ टक्के थेट धर्मादाय कामावर खर्च झाले पाहिजेत, आणि मागणाऱ्यांचा पगार त्यात धरायचा नाही. दिसायला किती रास्त! आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा नियम एकमताने पास होईल. १९८० साली न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक असा रद्द केला. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या निकालाचा गाभा थोडक्यात असा: काही संस्थांचं कामच लोकांपर्यंत माहिती पोचवणं, त्यांच्याशी बोलणं, त्यांना आपल्या बाजूला वळवणं हे असतं. तिथे दारात उभा राहून बोलणारा माणूस हा खर्च नसून काम आहे. फसवणूक रोखायची तर फसवणुकीचा कायदा वापरा, टक्केवारीची चाळणी लावू नका. पुढे १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या एका खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. पगारी मागणाऱ्याने पैसे मागण्याआधी, जमलेल्यातले किती टक्के संस्थेला पोचतात ते सांगितलंच पाहिजे, ही सक्तीही त्याने घटनाबाह्य ठरवली.

पहिला निकाल मला पटतो. दुसरा पूर्ण पटत नाही. विचारलं तर सांगायलाच हवं. अडचण वेगळीच आहे: सांगायचं काय?

एका रविवारी कर्वेनगरच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघींनी कागद घेऊन हिशेब मांडला. आकडे समजा म्हणून घेतलेले. तिचा पगार साडेसतरा हजार. टीम लीडर, ऑफिसचं भाडं, टॅब, प्रवास, एजन्सीचा नफा हे सगळं मिळून आणखी तेवढेच, म्हणजे महिन्याचा खर्च ३५ हजार. त्यात बारा देणगीदार मिळाले आणि प्रत्येकाने महिन्याला ८०० रुपये कबूल केले. एक देणगीदार मिळवायला २,९०० रुपये पडले, म्हणजे त्याचे पहिले साडेतीन-पावणेचार महिने केवळ त्याला शोधण्याचा खर्च भरून काढण्यात जातात. आता गळती. ब्रिटनमध्ये अशा समोरासमोर मिळवलेल्या देणगीदारांवर वर्षानुवर्षं पाहण्या झाल्या आणि पहिल्याच वर्षात निम्म्याच्या आसपास गळतात असं त्यांत दिसलं. आपणही निम्मेच धरले, वर्षभरात हळूहळू सहा गळाले, तर पहिल्या वर्षी साधारण ८६ हजार जमतात. शंभरातले चाळीस गोळा करण्यात गेले. राहिलेले सहा जण दुसऱ्या वर्षीही टिकले तर आणखी ५७,६०० येतात आणि खर्चाचं प्रमाण चोविसावर उतरतं. तिसऱ्या वर्षी आणखी खाली.

म्हणजे ‘यातले तुला किती?’ याचं उत्तर तिच्या हातातच नाही. ते विचारणाऱ्याच्या हातात आहे. त्याने तिसऱ्या महिन्यात बँकेला सांगून हप्ता थांबवला तर त्याचा सगळा पैसा तिच्या पायपिटीवर खर्च झाला. पाच वर्षं चालू ठेवला तर तिचा वाटा नगण्य. टपरीवर हे लक्षात आल्यावर ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘हे ट्रेनिंगला का नाही सांगत?’

दर महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून कापून घ्यायची, रोख घ्यायचीच नाही, ही पद्धत युरोपातून आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ग्रीनपीसने ऑस्ट्रियात रस्त्यावर माणसं उभी करून ती रुळवली, तिथून ती ब्रिटनला आणि पुढे जगभर गेली. आपल्याकडे त्याआधी वेगळे मार्ग होते. मुंबईत रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी १९७९ साली पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ सुरू केली, ती अनेक वर्षं शुभेच्छापत्रांवर चालली. देणाऱ्याच्या हातात काहीतरी वस्तू यायची. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला कागदी झेंडा मिळतो. आता हातात फक्त बँकेचा एसएमएस येतो, आणि तोही आधी वजा झाल्याचा.

बँकांनी या मुलांचं काम फार अवघड करून ठेवलं आहे, आणि बँकांचं चूक आहे असंही म्हणता येत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका, हे प्रत्येक माणसाच्या डोक्यात ठोकून बसवलं गेलंय. अशा वेळी अनोळखी मुलगी दारात येते, टॅब पुढे करते आणि म्हणते, ‘काका, एक ओटीपी आला असेल.’ संशय आला नाही तरच नवल. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी नवे नियम लागू केले. हप्ता कापण्याच्या आदल्या दिवशी सूचना, मोठ्या रकमेला दर वेळी नव्याने संमती. ग्राहकासाठी चांगलंच झालं, पण जुने चालू असलेले हप्ते एका झटक्यात बंद पडले आणि संस्थांना त्याच लोकांना पुन्हा फोन करावे लागले. ‘टॅक्स वाचेल’ हे वाक्यही आता लंगडं झालंय. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, ते एक. पण नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, आणि पगारदार माणूस आता आपोआप त्याच प्रणालीत ढकलला जातो. आयटी पार्कमधला मुलगा तोंडावर सांगतो, ‘मी न्यू रेजिममध्ये आहे,’ आणि निघून जातो. टीम लीडरच्या मते पूर्वी फॉर्म भरून घेण्याचं निम्मं काम ८०जी करायचं. मला वाटतं, बरं झालं. निदान आता देणारा का देतोय हे नीट कळेल.

का देतो, याचा एक अस्वस्थ करणारा प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी करून ठेवला आहे. देलाविन्या, लिस्ट आणि मालमेंडियर या तिघांनी शिकागोच्या उपनगरांत दारोदार देणगी मागणारे पाठवले. काही घरांच्या दारावर आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली: उद्या अमुक वेळेत अमुक संस्थेसाठी कोणीतरी येईल. जिथे चिठ्ठी होती तिथे दार उघडणाऱ्यांचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. काही चिठ्ठ्यांवर ‘कृपया त्रास देऊ नये’ अशी चौकट होती, खूण केली की कोणी येणार नाही. तिथे देणगी देणाऱ्यांचं प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी खाली आलं. २०१२ मध्ये हे छापून आलं. म्हणजे देणाऱ्यांतला मोठा भाग मनापासून देत नव्हता. समोर माणूस उभा आहे, नाही कसं म्हणायचं, या संकोचापोटी देत होता, आणि पळवाट मिळताच त्याने ती घेतली. कोथरूडला याला प्रयोगाची गरज नाही. ‘मी घंटी वाजवली की आतला टीव्ही बंद होतो,’ एका मुलाने सांगितलं.

संकोचातून मिळालेली सही टिकत नाही. ठाण्याला एका निवृत्त गृहस्थांनी मला स्वतःच सांगितलं की, त्यांनी एका मुलीच्या टॅबवर सही केली ती तिचा उन्हाने रापलेला चेहरा पाहून. तिचा दिवस भरू दे, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी संस्थेतून आभाराचा फोन आला तेव्हा त्यांनी शांतपणे रद्द करायला सांगितलं. त्या मुलीच्या महिन्यातून एक आकडा वजा झाला, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण पुन्हा फॉर्म काही त्यांनी भरला नाही.

उलट बाजूही आहे आणि ती जास्त गंभीर. एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी बोलायला हवं असतं. मुलगी बसते, पाणी पिते, नातवंडांचे फोटो बघते, आणि उठताना सही घेते. ती सही देणगी आहे की संध्याकाळच्या सोबतीची किंमत? चांगल्या संस्था ठरावीक वयापुढच्या माणसांची सही घेत नाहीत, किंवा मुलांना कळवल्याशिवाय पुढे जात नाहीत. महिन्याच्या शेवटी दोन आकडे कमी पडत असतील तेव्हा हा नियम कोण पाळतो, हे त्या त्या मुलाच्या स्वभावावर. टार्गेट लावणाऱ्याने ही जबाबदारी वीस वर्षांच्या पोरांवर ढकललेली असते.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ डाना फिशर यांनी २००६ साली ‘अ‍ॅक्टिव्हिझम, इंक.’ हे पुस्तक याच विषयावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, पुरोगामी संघटनांनी दारोदारचं काम बाहेरच्या कंपनीला ठेक्याने दिलं. समाजासाठी काहीतरी करावं म्हणून आलेली तरुण मुलं त्यात महिन्या-दोन महिन्यांत पिळून निघाली आणि राजकारणाला, चळवळीला कायमची मुकली. इथलं चित्र अगदी तसं नाही. इथली मुलं चळवळीत जायला आलेली नसतात, नोकरीला आलेली असतात, आधी क्रेडिट कार्ड विकून आलेली असतात किंवा नंतर विमा विकायला जातात. लातूरच्या मुलीला ज्या संस्थेसाठी ती दीड वर्ष मागतेय तिचं एकही केंद्र पाहायला मिळालेलं नव्हतं. फोटोतल्या मुलांची नावं तिला पाठ होती. ही फाजील काटकसर आहे. एका दिवसाची सहल आणि एसटीचं भाडं, एवढ्यात तिच्या बोलण्याला जे वजन आलं असतं ते कुठल्याही सरावाने येणार नाही.

मराठी समाजाने एकदा पगाराचा हा प्रश्न धीटपणे हाताळला होता, त्याची आठवण आता पुसट झाली आहे. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून निधी उभा केला. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी सुरू झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्या कामात होते. तो पैसा शाळेच्या इमारतीसाठी नव्हता, रुग्णवाहिकेसाठी नव्हता. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यासाठी होता. कार्यकर्त्याला पोट असतं, ही गोष्ट तिकीट काढून नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला उघडपणे सांगून त्याच्याकडून पैसे घेतले गेले, आणि प्रेक्षकाने ते दिले. अर्थात सांगणारे लागू आणि निळूभाऊ होते. जाळीच्या दारामागे उभ्या असलेल्या बाईला तेच सांगणारी मुलगी लातूरची असते आणि तिला कोणी ओळखत नाही.

लहान संस्थांची गोष्ट आणखी निराळी. मेळघाटात किंवा नंदुरबारला काम करणाऱ्या चार माणसांच्या संस्थेला एजन्सी परवडत नाही. तिथे ओळखीपाळखी, दिवाळी अंकातली जाहिरात, आणि ‘लोकसत्ता’च्या गणेशोत्सवातल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’सारख्या उपक्रमात नाव आलं तर येणारे धनादेश. तिथे भरवसा वर्तमानपत्राचा असतो. एजन्सी परवडते ती मोठ्यांना, आणि त्यांच्या वार्षिक अहवालात हा खर्च बहुधा ‘जनजागृती’ नावाच्या ओळीत जाऊन बसतो. पुण्यातल्या एका विश्वस्तांना मी विचारलं, सरळ ‘निधी गोळा करणाऱ्यांचे पगार’ असं का लिहीत नाही? ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. म्हणाले, ‘लिहिलं तर देणगीदार कमी होतील. आमच्या अहवालात मुलांचे पन्नास फोटो आहेत, या फिरणाऱ्यांचा एकही नाही. चुकतंय, पण असंच आहे.’

लातूरच्या मुलीने मात्र आता उत्तर बदललंय. दीड वर्ष टिकल्यामुळे ती टीममधली सगळ्यांत जुनी आहे, नव्यांना तीच शिकवते. कोणी विचारलं की ती सरळ सांगते: माझा पगार साडेसतरा हजार, तुम्ही दोन वर्षं चालू ठेवलंत तर तुमच्या शंभरातले पाऊणशे संस्थेला पोचतात, तीन महिन्यांत बंद करणार असाल तर भरूच नका. काही जण त्यावर दार लावून घेतात. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने तिला आत बसवून सगळा हिशेब पुन्हा कागदावर करायला लावला, जीएसटी धरला नाही म्हणून चूक काढली, आणि आठशेऐवजी तीनशेचा फॉर्म भरला. तो अजून चालू आहे.

तिचे साइन-अप कमी झालेत, महिन्याला आठ-नऊ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारेही कमी झालेत, हे टीम लीडरने स्वतः यादी काढून पाहिलंय आणि वर कळवलंयही. वरून उत्तर आलं की, इन्सेंटिव्ह नव्या साइन-अपवर मोजतात, टिकण्यावर मोजायची सोय सिस्टिममध्ये नाही. त्यामुळे नव्या उत्तराने संस्थेला दोन पैसे जास्त मिळतात आणि तिला कमी. पुढच्या महिन्यात तिचा विचार एका विमा कंपनीत मुलाखत द्यायचा आहे. तिथे किती कमिशन मिळतं हे दारात कोणीच विचारत नाही, असं तिच्या मैत्रिणीने तिला सांगितलंय.